ऑपरेशन झालं, वजन उतरलं. पुढचं कोण बघणार?

आमच्या धारूरात एखादी बाई म्हणाली की "माझं पिशवीचं ऑपरेशन झालंय", तर ऐकणारा पुढे काही विचारत नाही. बीड जिल्ह्यात पिशवी म्हणजे गर्भाशय. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या पिशव्या इतक्या निघाल्या की २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवावी लागली. ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा देशभर गाजला, दिल्ली-मुंबईचे पत्रकार येऊन गेले, आम्हीही लिहिलं.

आता गेल्या काही वर्षांत दुसरं एक पिशवीचं ऑपरेशन गावात आलंय. ही पिशवी जठराची. वजन कमी करायला ती कापून लहान करतात. पुणे, मुंबई, संभाजीनगरला जाऊन करून येतात. करणारे थोडेच आहेत, पण आहेत. व्यापारी घरातले, नोकरदार, शिक्षक, गुत्तेदार. बहुतेक जण कुणाला सांगत नाहीत. दोन्ही ऑपरेशनांची तुलना होऊ शकत नाही, हे मला कळतं. एक गरिबीनं आणि भीती घालून करून घेतलेलं, दुसरं पैसे मोजून, विचार करून केलेलं. पण एक गोष्ट दोन्हीकडे तंतोतंत सारखी आहे. टाके निघाले, डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की डॉक्टरचं, सरकारचं, विमा कंपनीचं आणि आपलंही काम संपलं असं सगळे धरून चालतात. बाईचं किंवा बाप्याचं खरं काम मात्र तिथून सुरू होतं.

त्याबद्दल लिहायचंय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

लठ्ठपणाबद्दल सध्या बोललं भरपूर जातंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये विषय काढला, खाण्याचं तेल दहा टक्के कमी करा म्हणाले, दहा जणांना आव्हान दिलं. मार्चमध्ये मौंजारो नावाचं इंजेक्शन भारतात आलं, जूनमध्ये वेगोवी आलं. शहरात शिरताना रस्त्याच्या कडेला 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो लावलेले फलक दिसतात. आधीच्या फोटोत माणूस रडवेला, नंतरच्या फोटोत जुन्या पँटमध्ये एका पायाच्या जागी दोन पाय घालून हसतोय. माझा आक्षेप त्या 'नंतर'वर आहे. नंतर म्हणजे एक फोटो नव्हे. ती पुढची तीस-चाळीस वर्षं आहेत.

आधी ऑपरेशन म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांगतो, कारण गावात याबद्दल भलतेच समज आहेत. "मशीननं चरबी ओढून काढतात" असं बरेच जण समजतात. ते वेगळं, त्याला लायपोसक्शन म्हणतात. इथं चरबीला हातच लावत नाहीत. सगळ्यात जास्त होणारं ऑपरेशन म्हणजे स्लीव्ह. त्यात जठराचा साधारण पाऊण ते ऐंशी टक्के भाग कापून काढून टाकतात. उरते एक बारीक नळी, पहिल्या दिवसांत जेमतेम चहाच्या कपाएवढं मावेल अशी. जो भाग काढतात तिथंच भुकेचं संप्रेरक, घ्रेलिन, मोठ्या प्रमाणात तयार होतं. म्हणून भूकही मंदावते. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न मधला रस्ता गाळून जातं. खाणं कमी होतं आणि अंगी लागणंही कमी होतं.

हे ऑपरेशन काम करतं. हे मी मुद्दाम आधी लिहितोय, नाहीतर खाली कमेंटमध्ये "पत्रकार लोकांना घाबरवतोय" असं येईल. अनेकांची शुगर वजन उतरायच्या आधीच उतरते, गोळ्या सुटतात. रात्री घोरताना श्वास अडकणाऱ्या माणसाला झोप लागते. गुडघे हलके होतात. पाळी सुरळीत होते. ज्याला गरज आहे त्यानं जरूर करावं. हे चोचले नाहीत, हा उपचार आहे.

मोठ्या माणसांनीही केलंय. नितीन गडकरी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना २०११ साली मुंबईत त्यांनी हे ऑपरेशन करून घेतलं. पण त्यानंतरही प्राणायाम, व्यायाम, तोंडावर ताबा याबद्दल ते जाहीर कार्यक्रमांतून बोलत आलेत. म्हणजे ऑपरेशननं त्यांचंही काम संपलं नव्हतं. अरुण जेटलींनी २०१४ साली, अर्थमंत्री असताना, दिल्लीत केलं.

२०१७ साल आठवा. फेब्रुवारीत इजिप्तची इमान अहमद खास मालवाहू विमानानं मुंबईत आली. वजन सुमारे ५०० किलो असल्याचं सांगितलं गेलं. मार्चमध्ये ऑपरेशन झालं. रोज बातमी काय होती? आज इतके किलो उतरले, काल तितके उतरले. तिची बहीण म्हणाली, सांगितलं जातंय तशी सुधारणा नाही. डॉक्टरांनी ते नाकारलं. वाद पेटला, मे महिन्यात तिला अबुधाबीला नेलं आणि सप्टेंबरात ती गेली. त्या सगळ्या महिन्यांत आम्हा माध्यमांच्या जमातीनं किलो मोजले. ती बाई आरशात बघत होती का, तिला काय वाटत होतं, हे कुणाच्या बातमीत फारसं आलं नाही.

त्याच फेब्रुवारीत दुसरी गोष्ट घडली. मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी लेखिका शोभा डे यांनी एका लठ्ठ पोलिसाचा फोटो टाकून 'हेवी' बंदोबस्ताची कोटी केली. मुंबई पोलिसांनी सांगितलं, हा आमचा माणूस नाही. तो निघाला मध्य प्रदेश पोलिसांतला निरीक्षक, दौलतराम जोगावत. वजन १८० किलो. त्यांचं म्हणणं, हे खाण्यामुळं नाही, १९९३ च्या पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर शरीर बिघडलं. देश आधी हसला, मग हळहळला. मुंबईत त्यांचं वजनाचं ऑपरेशन झालं, वजन बरंच उतरलं. शेवट गोड झाला असं सगळे म्हणाले. मला त्यात एक गोष्ट खटकते. त्या माणसाला उपचार मिळायला आधी देशभर चेष्टा व्हावी लागली. आपल्याकडे लठ्ठ माणसाकडे बघायची सुरुवातच चेष्टेनं होते. शाळेत भोपळ्या, ढोल्या. लग्नात "पंगतीला दोन पानं मांडा यांना". एसटीत "पलीकडं सरका की ओ, तिघांची सीट आहे". ही माणसं ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचतात ती शुगरमुळं जेवढी, तेवढीच या बोलण्यानं पोचतात.

आणि गंमत अशी की वजन उतरल्यावरही बोलणं थांबत नाही. फक्त शब्द बदलतात.

या विषयावर लिहायचं म्हणून तालुक्यातल्या दोघांशी बोललो. एक चाळिशीच्या आसपासच्या बाई, दुसरे दुकानदार गृहस्थ. नाव, गाव काही सांगणार नाही, या अटीवर बोलले. बाईंचं वजन ११२ होतं, दीड वर्षात ७४ झालं. त्यांना वाटलं होतं आता लोक चांगलं म्हणतील. झालं काय? पहिल्या सहा महिन्यांत गावात चर्चा सुरू, "हिला काहीतरी मोठं दुखणं लागलंय." आठवडी बाजारात एकीनं हात धरून विचारलं, "लई वाळलीस की गं, रिपोर्ट काय आले?" आपल्या भाषेतच बघा, वजन वाढलं तर माणूस 'अंगानं भरला', 'खात्यापित्या घरचा'. उतरलं तर 'वाळला', 'खंगला', 'उतरला'. बारीक होणं म्हणजे टीबी, शुगर, कॅन्सर नाहीतर घरात कलह. ज्या भागात पिढ्यान् पिढ्या माणसं उपासमारीनं आणि दुखण्यानं बारीक झाली, तिथं दुसरा अर्थ लावायचा कुणी? म्हणून मी त्या बाजारातल्या बाईला दोष देत नाही. पण ऐकणारीच्या मनावर काय होतं, ते बघा. जाड होती तेव्हाही तिचं शरीर सगळ्या गावाचं होतं, बारीक झाली तरी ते गावाचंच.

मग लपवाछपवी. या बाईंनी सगळ्यांना सांगितलं, "दीक्षित डाएट केलं." मराठवाड्यात हे उत्तर कुणालाही पटतं, डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरचेच, दोन वेळा जेवायचं हे त्यांचं सूत्र घराघरात पोचलंय. पण आता दहा बायका मागं लागल्या, आम्हालाही सांगा, तुम्हाला कसं जमलं. आणि लग्नकार्यात बाई दर दोन-तीन तासांनी चमचाभर काहीतरी खाताना दिसली की कुजबुज, "ही कसलं डाएट करतीय?" कारण ऑपरेशनवाल्याचं जेवण दीक्षितांच्या बरोबर उलटं असतं. थोडं थोडं, अनेक वेळा, आधी प्रथिनं, मग बाकीचं. त्या म्हणाल्या, "जाड होते तेव्हा एकच गोष्ट लपवत होते, पोट. आता सगळंच लपवावं लागतंय."

खाण्याचं म्हणाल तर आपल्या भागात ते अवघडच आहे. इथं प्रेम दाखवायची एकच रीत, आग्रह. पाहुण्याच्या ताटात अर्धी भाकरी राहिली तर यजमानाचा अपमान. या माणसाला अर्ध्या भाकरीनंच पोट फुटेल असं होतं. घास नीट चावला नाही तर छातीत अडकतो, तोंडाला पाणी सुटतं, उठून मोरीकडं पळावं लागतं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. एप्रिल-मे महिन्यात धारूरच्या उन्हात बाहेरून आल्यावर तुम्ही-आम्ही तांब्या तोंडाला लावतो. यांना तो तांब्या घोट घोट करत तासभर पुरवावा लागतो. दुकानदार गृहस्थ म्हणाले, "भुकेचं काही नाही ओ, तिची सवय झाली. पण गटागटा पाणी प्यायची आठवण येते." हुरड्याचे दिवस, आंब्याचे दिवस, आपल्या बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं. बायपासवाल्यानं गोड जास्त खाल्लं की ते झटक्यात आतड्यात उतरतं, घाम फुटतो, छाती धडधडते, चक्कर येते. म्हणजे सणाच्या दिवशी सगळं घर खातंय आणि हा माणूस वाटी-चमचा घेऊन हिशेब करतोय. त्याच्यासाठी जेवण हा आता सण राहिलेला नाही, औषध झालंय. हे पचवायला वेळ लागतो आणि सोबत लागते.

आता आरसा. तिसऱ्या महिन्याच्या आसपास केस गळायला लागतात, पुंजक्यांनी. शरीराला बसलेला धक्का आणि कमी पडलेली प्रथिनं. खाणं-गोळ्या नीट असतील तर बहुतेकांचे परत येतात, पण हे आधी नीट समजावून सांगितलेलं नसेल तर बाई घाबरून जाते. त्वचेचं मात्र तसं नाही. वीस वर्षं ताणलेली कातडी पस्तीस-चाळीस किलो उतरल्यावर आत ओढली जात नाही. दंडाखाली, पोटावर, मांड्यांना घड्या लोंबतात. उन्हाळ्यात घड्यांत घाम साचतो, खाज, पुरळ, जखमा होतात. कपड्यांत माणूस बारीक दिसतो, न्हाणीत स्वतःला ओळखत नाही. बाई म्हणाल्या, "फोटोत चांगली दिसते. पण पदर खाली घेतला की वाटतं दुसऱ्याच कुणाचं अंग आहे."

उलटही होतं. वजन उतरलं तरी डोक्यातलं शरीर उतरत नाही. दुकानदार गृहस्थ अजून खुर्चीत बसायच्या आधी ती हलवून बघतात, टिकेल का. दोन माणसांच्या फटीतून सहज जाता येत असताना वळसा घालून जातात. शहरातल्या मोठ्या केंद्रांत यासाठी समुपदेशक असतो. आपल्याकडे मनाचा डॉक्टर म्हटलं की लोक वेड्याचा डॉक्टर समजतात. कॅनडातल्या ऑंटारियो प्रांतात आठ हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला होता. ऑपरेशनच्या आधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन वर्षं ताडून बघितली, तर स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण नंतर साधारण दीडपट झालेलं दिसलं. बहुतेक असे रुग्ण आधीपासून मनाच्या आजारानं त्रस्त होते. त्यातही प्रत्यक्षात अशी माणसं थोडी होती, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण कातडीखाली काय चाललंय ते कुणीतरी विचारायला हवं, एवढं यावरून नक्की कळतं.

बायांच्या वाट्याला अजून एक गोष्ट. पीसीओडी आणि वजन यामुळं मूल होत नाही म्हणून ऑपरेशन केलेल्या मुली आहेत. वजन उतरलं की दिवस राहायची शक्यता वाढते. पण डॉक्टर सांगतात, वर्ष-दीड वर्ष थांबा, शरीर स्वतःच उपाशी आहे, बाळाला काय देणार. आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, दुसरा उपाय करावा लागतो. इकडं सासू म्हणते, "एवढे लाख घातले ते कशासाठी?" त्या मुलीच्या बाजूनं घरात कोण बोलणार? पुरुषांचं वेगळं. ऑपरेशननंतर दारू लवकर आणि जास्त चढते. पूर्वी जेवण हा आधार होता, तो गेल्यावर काही जण बाटलीकडं वळतात. परदेशात यावर अभ्यास झालेत, बायपासनंतर दुसऱ्या वर्षापासून दारूचा त्रास वाढतो असं त्यात दिसलं. ढाब्यावर बसणाऱ्या मित्रांनी "एक पेग घे, आता तर बारीक झालास" म्हणण्याआधी हे लक्षात ठेवावं.

यात आपल्या तालुक्यासाठी सगळ्यात गंभीर मुद्दा पुढं आहे. डॉक्टर मित्रांनी तर जरूर वाचावा. ऑपरेशन होतं दोन-चारशे किलोमीटरवर, पण रात्री दोन वाजता उलटी होते ती इथं. माणूस जातो गल्लीतल्या दवाखान्यात. तिथं ठरलेला उपचार, एक इंजेक्शन आणि एक सलाईन. बायपास झालेल्या माणसाला डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची औषधं वारंवार दिली तर जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. आणि ज्याला कित्येक दिवस उलट्या होतायत त्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-१, संपत आलेलं असू शकतं. त्याला आधी थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूवर परिणाम होऊ शकतो. डोळे फिरतात, तोल जातो, भ्रम होतो. वेळेवर ओळखलं तर एका साध्या, स्वस्त इंजेक्शननं टळणारी गोष्ट आहे. पण ओळखायला समोरच्या डॉक्टरला ऑपरेशन झालंय हे माहीत तर पाहिजे. रुग्ण लाजेनं सांगत नाही, कारण बरोबर आलेल्या चुलत भावाला कळेल. लाज माणसाचा जीव घेऊ शकते ती अशी.

शिवाय गोळ्या. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व. महिना-दोन महिने नव्हे, आयुष्यभर, आणि मधून मधून रक्त तपासून. माझ्याशी बोललेल्या गृहस्थांनी आठ महिन्यांनी गोळ्या सोडल्या होत्या, "वजन तर उतरलं, आता कशाला." तळपाय बधिर झाले तेव्हा कळलं, बी-१२ तळाला गेलंय. दीड-दोन वर्षांनी थोडं वजन परत चढतं, हेही बहुतेकांना होतं. त्यात हरल्यासारखं काही नाही. पण गाव टपलेलं असतंच, "बघा, एवढे पैसे घातले अन् पुन्हा तेच."

आता पैशाचं बोलू. खासगीत हे ऑपरेशन काही लाखांचं आहे. विमा नियामक आयआरडीएआयनं २०१९ साली पॉलिसीतल्या अपवादांची भाषा सगळ्या कंपन्यांना एकसारखी केली. त्यानुसार वय १८ च्या वर, डॉक्टरचा सल्ला आणि बीएमआय ४० किंवा जास्त असेल, नाहीतर ३५ च्या वर असून हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, आटोक्यात न येणारी शुगर यांसारखा गंभीर आजार असेल आणि साधे उपाय करून झाले असतील, तरच लठ्ठपणाच्या ऑपरेशनचा खर्च मिळू शकतो. पाच फूट उंचीच्या बाईचा हिशेब केला तर ४० म्हणजे साधारण ९२-९३ किलो, ३५ म्हणजे ८१. इकडं या क्षेत्रातल्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ साली सांगितलं की आशियाई लोकांना कमी वजनातच शुगर-बीपी गाठतं, म्हणून त्यांच्यात २७.५ पासूनच या शस्त्रक्रियेचा विचार व्हावा. त्याच बाईसाठी ते होतं ६४ किलो. ६४ किलोच्या प्रत्येकीनं पोट कापून घ्यावं असं मी म्हणत नाही, कुणी म्हणूही नये. पण वैद्यकशास्त्र आणि पॉलिसी यांच्यात सतरा किलोंची दरी आहे, ती बुजवायचा विचार तरी सुरू व्हावा.

आणि नंतरचं? लोंबणारी कातडी काढायचं ऑपरेशन म्हटलं की ते 'सौंदर्या'च्या खात्यात जातं आणि प्लास्टिक सर्जरीचा अपवाद पुढं येतो. वैद्यकीय गरज सिद्ध केली तर वाट आहे, पण ती सिद्ध करत बसायचं पेशंटनं. घड्यांत जखमा होऊन बाई उन्हाळाभर बसू-उठू शकत नसेल तर त्यात सौंदर्य कुठून आलं? आहारतज्ज्ञ, समुपदेशन, आयुष्यभराच्या गोळ्या यांचा खर्च बहुतेकांना खिशातूनच करावा लागतो. म्हणजे कापायला पैसे मिळतील, जगायला नाही.

इथं काही जण म्हणतील, "साहेब, बीड जिल्ह्यात पाणी नाही, रोजगार नाही, लोक कोयता घेऊन परजिल्ह्यात जातायत, आणि तुम्हाला जाड्या लोकांचं पडलंय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर आकड्यात देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१, देशातल्या १८.७ टक्के बायका गरजेपेक्षा बारीक निघाल्या आणि २४ टक्के जास्त वजनाच्या. पुरुषांत जास्त वजनाचे २२.९ टक्के. दोन्ही एकाच देशात, एकाच गावात, कधी एकाच घरात. वडापाव, साखरेचा चहा, बैठं काम, स्वस्त तेल हे आता श्रीमंतांपुरतं राहिलेलं नाही. आणि इंजेक्शनं आली म्हणून हा प्रश्न सुटेल असंही समजू नका. झपाट्यानं वजन उतरवलं की सैल कातडी, गळणारे केस, प्रथिनांची कमतरता आणि "काय दुखणं लागलं?" हा प्रश्न त्यांच्याही वाट्याला येणार आहे. औषध बंद केलं की वजन परत चढतं, ही भर वेगळीच. म्हणजे हा विषय मूठभरांचा राहणार नाही.

आणि मूळ मुद्दा त्याहून मोठा आहे. गर्भाशय काढलेल्या ऊसतोड बाईला हाडं दुखतात, अंगातून वाफा निघतात, रात्री झोप येत नाही, तेव्हा तिचं तरी कोण ऐकतं? मोतीबिंदूची शिबिरं घेऊन आकडा छापला जातो, नंतर किती जणांना नीट दिसलं ते छापलं जात नाही. आपली आरोग्यव्यवस्था ऑपरेशनं मोजते, माणसं मोजत नाही. पैसेवाल्याला जे मिळत नाही ते कोयतेवालीला कुठून मिळणार? नंतरच्या काळजीची सोय एकदा उभी राहिली तर ती दोघींच्या कामाला येईल. म्हणून हा मुद्दा मी एकाच पोस्टमध्ये लिहितोय.

काय करता येईल? आभाळातलं काही मागत नाही.

एक. ग्रामीण रुग्णालयांत बीपी-शुगरच्या तपासणीची सोय राष्ट्रीय कार्यक्रमाखाली आहेच. तिथंच आठवड्यातून एक दिवस 'ऑपरेशननंतरची तपासणी' ठेवा. वजन, हिमोग्लोबिन, बी-१२, डी. पिशवी कुठलीही असो, गर्भाशयाची की जठराची. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या तज्ज्ञांचा सल्ला फोनवर घेता येईल.

दोन. मोठ्या रुग्णालयांनी डिस्चार्जच्या वेळी एक पानाचं मराठी पत्र गावातल्या डॉक्टरच्या नावे द्यावं. कोणतं ऑपरेशन झालं, कोणती औषधं टाळायची, उलट्या झाल्या तर आधी काय द्यायचं, कुणाला फोन करायचा. रुग्णानं ते पाकिटात आधार कार्डाशेजारी ठेवावं. याला कुठल्या जीआरची गरज नाही, उद्यापासून होऊ शकतं.

तीन. विम्यात ऑपरेशनबरोबर निदान दोन वर्षांचा पाठपुरावा धरा. जखमा करणाऱ्या कातडीचं ऑपरेशन सौंदर्याच्या यादीतून स्पष्टपणे बाहेर काढा.

चार. मनावर ओझं झालं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. फोन मोफत, मराठीत बोलता येतं, गावात कुणाला कळत नाही. लिहून ठेवा.

पाच. हे आपलं काम. कुणी जाड दिसलं, बारीक दिसलं, तर बोलायचं नाही. "तब्येत काय म्हणते?" एवढं पुरे. कौतुकसुद्धा जपून करा. "आता कशी छान दिसतीस" यात "आधी घाण दिसत होतीस" हे ऐकणारीला ऐकू येतं. पंगतीत "एवढंच?" म्हणून ताटात वाढू नका. ज्याला अर्धी भाकरी पुरते त्याला अर्धी भाकरी सुखानं खाऊ द्या.

आणि ज्यांचं ऑपरेशन झालंय, जे गुपचूप वाचतायत आणि लाईकही करणार नाहीत, त्यांना एवढंच सांगतो. गावाला सांगू नका वाटलं तर नका सांगू, तो तुमचा हक्क आहे. पण तुमच्या इथल्या डॉक्टरला आणि घरातल्या एका तरी माणसाला नक्की सांगा. गोळ्या सोडू नका. वर्षातून एकदा रक्त तपासा.

ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांना वरच्या पहिल्या दोन मुद्द्यांचं निवेदन देणार आहे. सही करायची असेल त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. का सही करताय ते कुणी विचारणार नाही.